बोलणाऱ्या मुलांची नावे

आमच्या वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकोन कायमचा आखलेला असायचा. वर ठळक अक्षरांत 'बोलणारी मुले' आणि खाली नावं. एका बाईंचा तास संपला आणि पुढचे सर यायला उशीर झाला, की मॉनिटरने खडू घेऊन फळ्यापाशी उभं राहायचं आणि ओठ हलताना दिसेल त्याचं नाव लिहायचं. नाव लिहिल्यावरही बोलला तर नावापुढे फुली. जितक्या फुल्या तितक्या पट्ट्या. हिशोब अगदी सरळ होता.

सहावीत वर्षभर तो खडू माझ्या हातात होता. मुलुंडची मराठी माध्यमाची शाळा, सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं, वर्गात साठाच्या वर पोरं. मॉनिटर होणं म्हणजे काय मान होता म्हणून सांगू! एकदा असाच ऑफ तास चालू होता. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. मी नाव लिहिलं. तो थांबला नाही. मी एक फुली मारली, मग दुसरी. गणिताचे सर आले, यादी वाचली, त्याला उभं केलं आणि दोन पट्ट्या दिल्या. तो हात झटकत खाली बसला.

मधल्या सुट्टीत कळलं की शेजारचा मुलगा वर्षाच्या मध्येच गावाहून आला होता, त्याला लसावि कळत नव्हता आणि हा त्याला तो समजावून सांगत होता. त्याने हे सरांना सांगितलं नाही. मलाही नाही. आणि मीही विचारलं नव्हतं. मॉनिटरने विचारायचं नसतं, लिहायचं असतं.

इतक्या वर्षांनी हे आठवायचं कारण माझी भाची. बोरिवलीला शाळेत जाते. परवा आली ती छातीवरचा बिल्ला मिरवतच. "मामा, मी मॉनिटर झाले. आज मी सात जणांची नावं लिहिली!" फळा पांढरा झालाय, खडूचा मार्कर झालाय, माध्यम इंग्रजी झालंय. यादी मात्र तशीच आहे. मला एकदम वाटलं, ही यादी मुळात आली कुठून? कोणी शोधून काढली असेल? मग जरा वाचायला घेतलं, आणि जे सापडलं त्याने मी चक्रावलो. मॉनिटर ही भानगड साहेबाने विलायतेहून आणली असा माझा पक्का समज होता. तो अर्धाच खरा निघाला.

इंग्रजी अंमल यायच्या आधी आपल्याकडे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळात, कुणाच्या ओसरीवर, नाहीतर पंतोजींच्या घरीच. एकच खोली, एकच गुरुजी, आणि पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र. इयत्ता नाहीत, छापील पुस्तकं नाहीत. नवा मुलगा धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचा, म्हणून तर मुळाक्षरांना आपण अजून 'धुळाक्षरं' म्हणतो. एका पंतोजीला सगळ्यांकडे पाहणं अशक्यच. मग थोडं पुढे गेलेला मुलगा नव्याचं बोट धरून गिरवायला लावायचा. परवचा म्हणताना एकाने पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून. मोठ्याने लहानाला शिकवणं ही कोणाची योजना नव्हती. त्यावाचून शाळा चाललीच नसती, इतकंच.

या शाळांचं फार गोड चित्र काढायचं कारण नाही. पंतोजींच्या शिक्षा भयंकर असत. छड्या, अंगठे धरून ओणवं उभं राहणं, कोंबडा करणं हे तर रोजचंच. आणि ती ओसरी सगळ्यांची नव्हती. मुलींना तिथे जागा नव्हती आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांनाही नव्हती. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

आता जरा मद्रासला जायला हवं, कारण मॉनिटरची गोष्ट तिथे सुरू होते. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख झाला. युरोपियन सैनिकांची अनाथ मुलं तिथे असत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आया इथल्याच. शिक्षक कंटाळलेले, मुलं मागे पडलेली. एके सकाळी फेरफटका मारताना बेलला एक 'मलबारी' शाळा दिसली. (इंग्रज तेव्हा तमिळ लोकांनाही मलबारी म्हणत.) अशा शाळांना तमिळमध्ये 'तिण्णै' शाळा म्हणतात, म्हणजे ओट्यावरची शाळा. तिथे मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटांनी अक्षरं गिरवत बसली होती. बेल परतला आणि आपल्या शिक्षकांना म्हणाला, आपणही असंच करू. शिक्षकांनी काही मनावर घेतलं नाही.

मग बेलने एक साधी गोष्ट केली. मुळाक्षरांचा वर्ग त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला. मोठ्यांना जे जमवायचं नव्हतं ते त्या पोराने जमवून दाखवलं. हळूहळू सगळी शाळाच मुलांनी मुलांना शिकवण्यावर उभी राहिली. १७९६ मध्ये बेल विलायतेला परत गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने या प्रयोगावर पुस्तक छापलं. 'मद्रास पद्धत' या नावाने ती तिकडे गाजली. आपल्या ओट्यावरची चाल साहेबाने लंडनला नेली, ती अशी.

बेलच्या शाळेतली आणखी एक गोष्ट वाचून मात्र मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मारण्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याऐवजी त्याने एक काळी वही ठेवली होती. कोणी काय आगळीक केली ते तिच्यात लिहायचं आणि आठवड्यातून एकदा ती वही सगळ्यांसमोर वाचायची. म्हणजे फळ्याच्या कोपऱ्यातला आमचा चौकोन सव्वादोनशे वर्षांचा आहे तर! फक्त एक फरक होता. बेलच्या शाळेत वही वाचून झाली की निवाडा करायला मुलांचेच पंच बसत. ज्याचं नाव आलं त्याचं म्हणणं काय, हे तिथे विचारलं जाई. आमच्यापर्यंत वही पोचली, पंच वाटेत कुठेतरी गळाले.

ते कुठे गळाले असतील याचा अंदाज पुढच्या गोष्टीवरून येतो. त्याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथेही मुलंच मुलांना शिकवत. एका प्रचंड दालनात शेकडो मुलं, मास्तर एकच, आणि दर रांगेला बिल्ला लावलेला एक मॉनिटर. हा काळ कारखान्यांचा होता आणि शाळाही कारखान्यासारखीच चालवता येते याचं लोकांना भारी कौतुक वाटलं. एका मास्तरच्या पगारात शेकडो मुलं! लँकेस्टर क्वेकर पंथाचा, त्यालाही छडी मान्य नव्हती. पण एवढी मुलं गप्प बसवायची कशी? मग त्याने लाजेचा आधार घेतला. बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा. फारच झालं तर पोराला टोपलीत बसवून छताला टांगायचं, म्हणजे खालची सगळी मुलं हसतील. छडी गेली, पण तिच्या जागी जे आलं त्याला दयाळू म्हणवत नाही.

ही पद्धत तिथून फिरून मुंबईला आली. १८१५ मध्ये मुंबईत गरिबांच्या, मुख्यतः युरोपियनांच्या, मुलांसाठी एक संस्था निघाली. तिच्या शाळांत बेलची पद्धत होती. तिच्याच एका शाखेतून पुढे १८२२ मध्ये 'नेटिव' मुलांसाठी वेगळी मंडळी उभी राहिली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष होते. मराठी-गुजराती क्रमिक पुस्तकं काढणारी, पुढे बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेलेली ती हीच. या मंडळींनी देशी शाळांची पाहणी करून चार उणिवा नोंदवल्या: पुस्तकं नाहीत, शिकवण्याची रीत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. रीत नाही यावर उपाय काय सुचवला? लँकेस्टरची पद्धत! ओट्यावरच्या शाळेतून उचललेली गोष्ट विलायतेचा शिक्का मारून ओसरीवरच्या शाळेला परत देण्यात आली. मला तर हे वाचून हसूच आलं.

पण हसण्यासारखं तेवढंच. कारण परत आली ती तीच गोष्ट नव्हती. पुढे शिक्षक तयार करण्याची सोय होत गेली. १८४५ मध्ये मुंबईत अध्यापक वर्ग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. शिकलेला, पगारी शिक्षक वर्गात उभा राहू लागला. चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर मुलांनी मुलांना शिकवण्याची गरज संपली असं सगळ्यांनी धरून टाकलं. मॉनिटरच्या हातून धुळपाटी गेली. नजर ठेवण्याचं काम तेवढं त्याच्याकडे राहिलं, आणि ते काम घेऊन तो दीडशे वर्षांनी आमच्या मुलुंडच्या वर्गात येऊन उभा राहिला.

यात बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. वर्ग शांत राहतो ना? मला त्यावर साताऱ्याचा एक वर्ग आठवतो. १९०० साली, ७ नोव्हेंबरला, भीमराव नावाच्या मुलाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घातलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की वर्गात त्यांना इतरांपासून दूर कोपऱ्यात बसावं लागे, स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. आता विचार करा, त्या वर्गात बेशिस्त होती का? मुळीच नाही. मुलं ओळीत बसत असतील, पाढे बरोबर म्हणत असतील. इन्स्पेक्टरने उत्तम शेरा दिला असता. आणि त्या शांततेत चाळीस मुलं रोज शिकत होती की शेजारच्या एकाला शिवायचं नसतं. मुलं वर्गात एकमेकांशी कसं वागायचं हे शिकतच असतात, तुम्ही शिकवा वा न शिकवा. प्रश्न इतकाच की त्यांच्यापुढे आपण काय मांडून ठेवलंय.

वेगळं काही मांडून पाहणारेही आपल्याकडे होऊन गेले. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. खोल्या अस्ताव्यस्त, कंदिलाच्या काचा काळ्या. गुरुजींनी यादी केली नाही. मुलं शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडून ठेवत, काचा पुसून ठेवत. चार दिवसांनी मुलांना कळलं की हे कोण करतंय, आणि मग ती आपली आपण करू लागली. इथेही लाज आहेच म्हणा. पण ती स्वतःची स्वतःला वाटलेली लाज आहे, कोणी फळ्यावर लिहिलेली नाही.

तिकडे भावनगरला गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करत होते. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं नुसता गोंधळ घालतात. त्या दिवशी हरून तो मुलांना घरी सोडतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो, आणि वर्ग आपोआप गप्प होतो. ज्याने कधी वर्गात उभं राहून पाहिलं आहे त्याला त्या पहिल्या दिवसाचं दुःख बरोबर कळेल.

१९२३ मध्ये या गिजुभाईंकडे एक मराठी बाई काम करायला गेल्या. ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२चा. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या सुखवस्तू घरच्या मुलांपुरतं हे शिक्षण राहावं हे त्यांना पटेना. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. आपल्या बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने सरळ उत्तरेला, डहाणूच्याही पुढे. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीत न्यायची, कोणाच्या तरी अंगणात भरवायची असं ठरलं. म्हणून 'अंगणवाडी'. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हे मराठी नाव तिने उचललं आणि ते देशभर गेलं.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथे एक अडचण आली. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण घरी धाकटं भावंडं सांभाळायचं असे. गुरं राखणारी पोरंही येत नसत. नेहमीची शाळा काय करते? गैरहजेरी मांडते. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. ताईने कडेवरचं पोर घेऊनच यायचं. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. धाकट्याला सांभाळणं ही त्या मुलीची अडचण होती, तीच तिथे शाळेचा भाग झाली. मोठ्याने लहानाकडे बघायचं, ही जुन्या ओसरीवरची चाल शंभर-सव्वाशे वर्षांनी टेकडीवर परत आली. आणि या वेळी तिथे मुली होत्या, आणि ज्यांना ओसरीवर कोणी चढू दिलं नसतं ती मुलंही होती.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने माझ्या मावशीला सांगितलं. मावशी घाटकोपरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साठ पोरं एका खोलीत घेऊन दाखव, मग बोल."

बरोबरच आहे तिचं. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. त्यानंतर उपनगरं अशी वाढली की शाळांना श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. एका इमारतीत दोन अधिवेशनं, एका बाकावर तीन मुलं, पंधरा मिनिटांत वह्या तपासायच्या. लँकेस्टरला जो प्रश्न पडला होता तोच माझ्या मावशीला रोज सकाळी सात वाजता पडत होता. मॉनिटर टिकला तो कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तो गर्दीमुळे टिकला. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. त्याच कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाणही ठरवून दिलं. मला वाटतं या दोन गोष्टी एकाच कायद्यात आहेत हे योग्यच आहे. एक हवी असेल तर दुसरी द्यावीच लागते.

"मग तू काय करायचीस?" मी विचारलं.

मावशी जरा हसली. म्हणाली, "गणितं ज्यांची आधी व्हायची त्यांना उठवून ज्यांची अडलीत त्यांच्या शेजारी बसवायचे. आवाज व्हायचा रे खूप. मुख्याध्यापिका व्हरांड्यातून फेरी मारायच्या तेव्हा मी दार लावून घ्यायचे."

तिने ना बेलचं नाव ऐकलं होतं ना जॉन फ्रिस्केनचं. तिला ते कोणी शिकवलंही नव्हतं. फक्त त्यासाठी तिला दार लावून घ्यावं लागत होतं, हे मला फार लागलं. दोनशे वर्षांपूर्वी जी गोष्ट उघड्या ओट्यावर चालायची ती चांगल्या शिक्षिकेला बंद दाराआड करावी लागते.

भाचीला मी काय सांगणार? मॉनिटर होऊ नकोस असं सांगवत नाही, तिला केवढा आनंद झालाय. एवढंच म्हटलं, "नाव लिहायच्या आधी एकदा विचार, काय बोलतोयस म्हणून." तिने माझ्याकडे असं पाहिलं की याला काहीच कळत नाही. "मामा, विचारलं तर मलाही बोलावं लागेल ना! मग माझंच नाव लिहावं लागेल."

असो.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या बॅचचं संमेलन झालं. तिसऱ्या बाकावरचा तो भेटला. ठाण्याला असतो, पोरंबाळं मोठी झालीत. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी त्याला सांगून टाकलं, लसावि, दोन फुल्या, दोन पट्ट्या, सगळं. त्याला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. बराच वेळ आठवून पाहिल्यावर म्हणाला, "पण तुझं अक्षर छान होतं हां फळ्यावर."

मग त्याने शेजारी उभ्या असलेल्या एकाला हाक मारली. गावाहून आलेला तो मुलगा. दोघं अजूनही एकमेकांना धरून आहेत. मी मात्र शाळेनंतर त्या दोघांना पहिल्यांदाच भेटत होतो.